दोन नावांमधला थांबा

देवांग, तो फोन खिशात घाल बघू. आन्या, तू शाल घे आणि इकडे सरक. आणि "मोरेश्वरकाका, मग काय झालं?" असं मध्ये मध्ये करायचं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो इथेच फ्रिस्कोत राहतो, हायवेवर माझ्या घरापासून तीन एक्झिट पुढे.

आपला यतीन. नागपूरचा, सीमाचा नवरा. बोललेलं ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. त्याला काम मिळालं, कालो नावाच्या म्हाताऱ्याचं बोलणं रेकॉर्ड करून आणायचं. आफ्रिकेतल्या डोंगरांमधली छोटीशी शेतकरी जमात, लढाईत पांगलेली. त्यांची भाषा नीट बोलणारा इथे हा एकटाच उरलेला. आमना नावाची नात होती, पण तिला इंग्लिशच येतं. हसतेस काय आन्या, तुझंही तेच की!

सीमाने डब्यात ज्वारीची भाकरी दिली होती. म्हाताऱ्याने तिचा वास घेतला आणि रडलाच. त्यांचं पीकही ज्वारीच! मग काय, तीन शनिवार भरभरून बोलला. शेवटच्या दिवशी त्याने पेरणीआधीची यादी म्हटली. गेलेल्या पूर्वजांची एकतीस नावं. प्रत्येक नावानंतर मिनिटभर गप्प.

"त्यांना ओ द्यायला वेळ लागतो," तो मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "त्यांनी ओ दिली की मग बी मातीत जातं. माणूस मरायला टेकला की उशाशी हीच यादी म्हणतात, शेवटी त्याचं नाव घेतात. माझ्यासाठी म्हणणारं कोणी नाही. हे मशीनच म्हणेल. थांबे कापू नकोस, पोरा."

"नाही कापणार, आजोबा." यतीनने त्याचा हात धरून शब्द दिला.

आणि डेडलाइन आली. त्यांच्या कामात रेकॉर्डिंगमधली शांतता काढूनच टाकतात, मशीनला भाषा शिकवताना तिचा उपयोग नसतो. यतीनने सगळ्या फाइली एकदम शांतता कापणाऱ्या स्क्रिप्टला लावल्या. चौतीस मिनिटांची यादी तीन मिनिटांवर आली. मूळ फाइल डिलीट. लक्षातच राहिलं नाही, असं तो म्हणतो. मला विचाराल तर, लक्षात होतं.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. यतीन दूध आणायला निघाला होता. आमनाचा फोन आला: आजोबांचं काही खरं नाही, यादी पाठव. त्याने पार्किंगमधूनच पाठवली. आठ वाजता ती पुन्हा फोनवर.

"धडाधड नावं आली. आजोबांनी हात वर केला. थांब, थांब म्हणत राहिले... आणि गेले."

एवढंच बोलली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं यतीन मला म्हणाला.

रात्री अकरा वाजता तो लॅपटॉप घेऊन बसला. एकेक नाव हाताने सुटं केलं आणि मध्ये मिनिटभर शांतता घातली. निव्वळ कोरी. मग हेडफोन लावून तपासायला लागला.

पहिलं नाव. शांतता.

"ओ..."

म्हातारीचा आवाज. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची रेघ सरळच होती.

दुसरं नाव.

"ओ..."

पुरुष. खोकला झालेला.

हेडफोन काढला नाही, ऐकतच राहिला. एकतीस नावं झाली. एकतीस जणांनी ओ दिली. शेवटचं तर लहान मूल होतं.

यादी संपली. पण कालोचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. यतीनने माइक सुरू केला.

"कालो."

थांबला.

एक मिनिट... पाच...

काही नाही.

"आजोबा, चुकलो हो मी..."

काही नाही. चार वाजेपर्यंत बसून होता बिचारा. बाकी सगळे बोलले. ज्याला शब्द दिला होता तोच बोलेना. सकाळी त्याने फाइल आमनाला पाठवली, दफनाच्या वेळी लावायला.

रविवारी तिचा फोन आला.

"थँक यू. पण शेवटी आजोबांच्या आवाजात तुझं नाव कसं?"

म्हाताऱ्याने जन्मात त्याला नावाने हाक मारली नव्हती. नेहमी पोरा.

"मग? नावानंतर?"

"मग शांतता. आम्ही थांबलो. माती टाकून झाली... तरी चालूच होती."

त्याने घरी फाइल उघडली. नाव होतं. पुढे शांतता. लॅपटॉप बंद करून कपाटात टाकला. महिन्याने काढला, तर फाइलच्या मिनिटांचा आकडा महिनाभर पुढे गेलेला.

काय झालं त्याचं? काही नाही. धडधाकट आहे, ऑफिसला जातो. फक्त सीमा रात्री झोपत नाही. त्याच्या उशाशी जागी बसते. तो झोपेत जरा पुटपुटला, की 'ओ' निघायच्या आत त्याच्या तोंडावर हात ठेवते.