पान चार हजार एकशे बारा

चंद्रावरच्या तळाच्या दोन दारांमधल्या खोलीत अंबादास तुपे अडकले होते. बाहेरचं हाताच्या चाकाने फिरवायचं दार बंद, आतलं प्रणालीवरचं उघडेना. हवा पंचवीस मिनिटांची.

"प्रणाली दारप्रमुखाची परवानगी मागतेय," प्रणालीकार सुनेत्रा म्हणाली.

"मग घ्या की!" संचालक डॉ. रेगुंडवार खेकसले.

"दारप्रमुख तुपेकाकाच आहेत, सर. परवानगी त्यांनी या खुर्चीत बसून द्यायचीय. पान चार हजार एकशे बारा."

स्पीकरमधून तुपे म्हणाले, "खुर्ची इकडे पाठवता का?"

तळावर प्रणाली कोणी लिहीत नसे. 'आराखडावाचक' नावाचं यंत्र आराखडा बघून ती बनवायचं. आराखड्यात असेल ते घडणार. नसेल ते यंत्राच्या लेखी जगातच नाही. म्हणून संचालकांनी तीन वर्षं खपून दारांचाच सहा हजार पानी आराखडा करवून घेतला होता. त्यातली एक ओळ बदलली, तरी यंत्र सगळी पानं पुन्हा वाचायचं. अकरा तास.

"आधी रीतसर दुरुस्तीचा फॉर्म भरू," म्हणत संचालक दस्तऐवजांच्या खोलीत शिरले. मागे दार लागलं.

सुनेत्राने जुना आराखडा काढून टाकला आणि यंत्रासमोरच्या फळ्यावर मार्कर चालवला. एक चौकोन, त्यावर 'दार'. कुठलं, ते लिहायला वेळ नव्हता. एक बाण. एक काडीचा माणूस, खाली 'तुपे'.

"काय काढलंस गं?"

"तुम्हाला, काका."

"मिशी काढलीस?"

"काका!"

"बरं, राहू दे."

आठ सेकंदांत दार उघडलं. तुपे आत कोसळले, पोटभर श्वास घेतला आणि हसतच सुटले. सुनेत्राने डोळे पुसले.

तेवढ्यात दस्तऐवजांच्या खोलीतून धाडधाड आवाज. "अहो, दार उघडत नाहीये!"

सुनेत्राने फळ्याकडे पाहिलं. "सर, चित्रात माणूस एकच आहे. यंत्राच्या मते तळावर आपण कोणीच नाही."

तुपे दारापुढे गेले. दार अदबीने उघडलं. संचालक फॉर्म फडकवत बाहेर आले. "ताबडतोब संपूर्ण आराखडा परत चढवा!"

"अकरा तास लागतील, सर."

"लागू देत!"

"तोवर बाथरूमचं दारही फक्त काकांनाच ओळखणार."

संचालकांनी तुपेंकडे पाहिलं, बाथरूमकडे पाहिलं, मग फॉर्मची घडी करून खिशात घातली.

"मला काढा," ते म्हणाले. "काडीचाच काढा. पण लवकर काढा."