डाव्या दाराचं हँडल

मोटारीच्या मागच्या डाव्या दाराला आतून हँडल बसवायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या घरात मुलींना परवचा शिकवण्याआधी हा नियम शिकवत. मोटार स्वतः सुपारीच्या कोठाराशेजारच्या पडवीत बारदानाखाली मरून पडली होती, चाकांच्या जागी विटा. नियम मात्र ठणठणीत होता.

विज्ञानाची पदवी घेऊन मुंबईहून चौलला परतले, तेव्हा वाटलं होतं, आता तरी मला कुणी उत्तराच्या लायक समजेल. उत्तराऐवजी स्थळ आलं. तळा गावचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी होकार कळवला, मग मला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यावर दत्तूकाका पान जुळवता जुळवता हसले. मुली आधी नाहीच म्हणतात, असं त्यांचं शास्त्र.

लग्न वैशाखात, आणि नवरी मोटारीतून जाणार. आजोबांनी सव्वीस साली घेतलेल्या मोटारीतून. तळ्याच्या लोकांना दिसलं पाहिजे ना, आपण कोण होतो ते.

अण्णांकडे गाडी घेतल्या दिवशीचा फोटो होता. हुबेहूब तशीच झाली पाहिजे, असा हुकूम सुटला. तिचे भाग आता विलायतेतही मिळत नव्हते, म्हणून एकेका वस्तूची नक्कल करवायची. अलिबागच्या मेस्त्रीने चाकं बसवली, इंजिन चालतं केलं. मग छताच्या आतलं कापड, पायफळीचं रबर, दिव्यांच्या कडा. गादीवरची बटणं अण्णा भिंगातून मोजत. फोटोत चौदा होती. तेरा भरली तर शिंप्याला सगळं उसवायला लावत. माझा नकार ज्यांना ऐकू आला नव्हता, त्यांना तेरा आणि चौदा बटणांतला फरक कळत होता. आणि ह्या नकलांच्या ढिगाला ते दिवसातून दहादा अस्सल म्हणत.

पण फोटोत ते डावं दार उघडं होतं. आतलं हँडल स्पष्ट दिसत होतं.

मी त्यावर बोट ठेवलं. अण्णांनी फोटो पालथा घातला. "बाहेरून उघडतं. तेवढं पुरे."

म्हणून मी उजव्या दाराचं आतलं हँडल काढलं आणि रेवदंड्याला रघू ओतारीकडे गेले. देव्हाऱ्यातले पितळी टाक ओतणारा तोच. ह्याच्यासारखं दुसरं ओत, म्हटलं. कुठल्या दाराला, असं त्याने विचारलं. डाव्या म्हटल्यावर त्याने भाता थांबवला. मग चार दिवसांनी ये म्हणाला.

घरातली तिघं वडीलधारी, अण्णा, दत्तूकाका आणि मनुआत्या, अक्षता द्यायला गेली होती, तेव्हा भर सकाळी मी ते बसवलं. चार स्क्रू. दार लावलं, उघडलं. लोण्यासारखं फिरलं. नियम मोडला आणि आभाळ जागच्या जागी होतं. मला हसू आलं.

जेवून परत गेले तेव्हा हँडल ओलं होतं.

बाहेर ऊन रखरखत होतं. पितळेवरून पाणी निथळून खाली गादीवर डाग पडला होता, डागाच्या कडेला मीठ फुललं होतं. वास ओहोटीच्या चिखलाचा. खाडी तिथून अर्ध्या कोसावर. दव असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चैत्रात, दुपारी दव! पदवीचा एवढाच उपयोग झाला.

मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. तिसऱ्या दिवशी ते झिजलं होतं. नव्याकोऱ्या पितळेत चार खळगे पडले होते, खालच्या बाजूला. पन्नास वर्षं एकाच हाताने धरल्यावर पडावेत तसे. मी माझी बोटं त्यात ठेवून पाहिली. माझी मोठी होती.

मी तशीच सायकल काढून रघूकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, पण नवल केलं नाही.

"बाय, टाक झिजला की नवा ओततो, तवा जुन्याचा कण त्यात घालतो. न्हायतर देव नव्यात येत न्हाय, बाहेरच ऱ्हातो. हितं बी तसंच केलं."

जुनं हँडल त्याच्याकडे कुठून आलं, मी विचारलं.

"तुमच्या अण्णांनी माझ्या बापाला मोडीत दिलेलं. बापानं वितळवलं न्हाय. म्हणायचा, ह्याला कुनीतरी शोधत येल..."

"कोण?"

"ते घरात इचार, बाय."

पडवीत पोचले तेव्हा तिघंही गाडीपाशी होती. अण्णांच्या हातात स्क्रू काढायचा पेचकस, दत्तूकाकांचा चेहरा राखेसारखा, मनुआत्या खांबाला धरून. मी मागच्या गादीवर चढले आणि डावं दार ओढून घेतलं. ह्यांच्या भीतीची मला किळस आली होती.

दार लागलं आणि आवाज थांबले. पाखरांचे, रहाटाचे, सगळे. आतली हवा विहिरीच्या तळासारखी गार. काचेपलीकडे अण्णांचे ओठ हलत होते. मी हँडलकडे हात नेला... तळव्याखाली पितळ नव्हतं. बोटं होती. बारीक, गार, पाण्यात राहून फुगलेली बोटं. त्यांनी मला झटकलं नाही की पकडलं नाही. त्यांना माझ्याशी काही घेणंच नव्हतं. त्यांनी हँडल फिरवलं.

दार उघडलं. मी खाली उतरले. मनुआत्या माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या मागे पाहत होती.

"केसर..." ती म्हणाली.

केसर माझी धाकटी आत्या. लग्नानंतर तापाने गेली, एवढंच मला माहीत. अण्णांनी लगेच तेच म्हटलं, तापाने गेली. मनुआत्या म्हणाली, "दादा, पुरे आता." आणि खांब न सोडता, खालच्या आवाजात तिने सांगितलं. केसर दिघीच्या सासरहून दोनदा पळून आली होती. पाठीवरचे वळ आजीने पाहिले, आजोबांनी पाहिले, कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यांदा तिला ह्या मोटारीतून परत पाठवलं. वाटेत उडी मारू नये म्हणून अण्णांनी आदल्या दिवशी हँडल काढून घेतलं आणि उजव्या दाराशी तिच्या ट्रंका रचल्या. आगरदांड्याला खाडी ओलांडायच्या पडावावर मोटार चढवताना फळी सरकली आणि मोटार पाण्यात गेली. पुढे बसलेले अण्णा आणि दत्तूकाका पोहून बाहेर आले. ओहोटीला मोटार ओढून काढली, तर हँडलच्या जागी दाराचं अस्तर नखांनी फाडलेलं होतं.

"अस्तराची नक्कल तेव्हाच करवली," आत्या म्हणाली. "हुबेहूब झाली. पाहुण्यांना कळलंही नाही."

अण्णांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज इतका नेहमीचा होता की मला त्या बोटांपेक्षा त्याची भीती वाटली. झालं ते झालं, म्हणाले. गुरुजींना बोलावून शांत करू, हे काढून टाकू. तळ्याच्या लोकांना शब्द दिला आहे. मुलीच्या जातीने इतकं ताणू नये. आणि पेचकस घेऊन ते दाराकडे वळले.

मी मध्ये उभी राहिले.

"हात लावू नका. आणि मी ह्या गाडीत बसणार नाही. दुसऱ्या गाडीत नाही, बैलगाडीत नाही. मी तळ्याला जाणार नाही, अण्णा. मला कोंडायला तुम्हाला आता दार उरलेलं नाही."

दत्तूकाका एक पाऊल मागे सरकले. मनुआत्या खाली बसली. अण्णा माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहत होते.

तेवढ्यात मला स्प्रिंग करकरलेली ऐकू आली. मला उतरून कितीतरी वेळ झाला होता. गाडीची मागची डावी बाजू हळूच बोटभर वर आली, आतून कुणी उतरल्यावर येते तशी.