सातव्या भागातली स्वयंपाकखोली

मी अकोल्यात एका शाळेत समुपदेशक आहे. मुलांनी काय पाहावं, काय नाही, हे पालक मलाच विचारतात. दिवाळीआधी नववीच्या वर्गात एका मालिकेचं वेड शिरलं होतं. घाटातलं गाव, बेपत्ता झालेली शिक्षिका, तिच्या बंद घरातून येणारे आवाज. मुख्याध्यापकांनी विचारलं, "सरोजिनीताई, बंदी घालायची का?"

बंदी घालण्याआधी पाहायला तर हवी. मी जठारपेठेतल्या माझ्या घरी दुपारी चहा घेत सगळे भाग पाहिले. मालिका काळोखी होती, पण रक्तपात नव्हता. मरणाबद्दल त्यात खोटं काही सांगितलेलं नव्हतं. पालकसभेत मी स्पष्ट सांगितलं, "चौदाच्या पुढच्या मुलांनी घरच्यांसोबत पाहायला हरकत नाही."

मागच्या बाकावरून सुभद्राताई उठल्या. बार्शीटाकळीला त्यांची शेती. त्यांची नववीतली मुलगी रागिणी रोज एसटीनं शाळेत येते.

"मॅडम, बाकी समदं ठीक हाये. पण त्या बाईचं काय?"

"कोणती बाई?"

"सातव्या भागातली. सैपाकखोलीत आपल्याकडं पाठ करून बसते ते. मले तं दिसत नाई, पण पोरगी म्हनते हाये."

सभेत कोणी हसलं नाही. आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

सातव्या भागात स्वयंपाकखोलीचं एक लांबलेलं दृश्य आहे, हे मला आठवत होतं. चूल, फळीवरचे डबे, खिडकीतून येणारं ऊन. माणूस नाही. मी घरी येऊन ते पुन्हा पाहिलं. खोली रिकामीच होती.

एकानं सांगितलं की दुसऱ्याला दिसायला लागतं. या वयात असं होतं. मी मुलांना वेगवेगळं बोलावलं. प्रत्येकानं बाई तीच सांगितली. विटकी हिरवी साडी, ओले केस, मांडीवर सूप. ती गहू निवडते. मग मी अमरावतीला माझ्या मैत्रिणीला, मैथिलीला फोन केला. ती तिथल्या शाळेत शिकवते. तिनं वर्गातल्या मुलींना काही न सुचवता विचारलं आणि संध्याकाळी उलट फोन केला. "साडी हिरवी सांगतात गं," एवढंच म्हणाली.

रविवारी मी बार्शीटाकळीला गेले. सुभद्राताईंचे यजमान वामनराव शेतात कापूस वेचणीवर होते. समोरच्या खोलीत टीव्ही, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. दारं-खिडक्या सताड उघड्या. बाहेर कोणाच्या तरी पंपाची मोटार पाणी ओढत होती. मी सातवा भाग लावला. रागिणी आईला चिकटून बसली.

ते दृश्य आलं. चूल, डबे, ऊन.

"बसली हाये," रागिणी म्हणाली.

"तुला भीती वाटते?"

"पहिले नोती वाटत. पहिले फक्त पाठ दिसे. आता दरखेपी थोडी थोडी वळून राहिली."

सुभद्राताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मलाही काही दिसत नव्हतं. काहीतरी सिद्ध करायचं म्हणून मी दृश्य तिथंच थांबवलं. आवाज बंद झाला. टीव्हीवरचं ऊन स्थिर झालं.

"आता तर ती हलणार नाही ना?"

रागिणी टीव्हीकडेच पाहत राहिली.

बाहेरची मोटार बंद पडली. त्या शांततेत मला सुपात दाणे घोळल्यासारखा आवाज आला. हलका, एका लयीत. मग तो थांबला.

"सूप खाली ठेवलं," रागिणी म्हणाली.

मी रिमोट शोधला. सापडेना.

"उठली."

रागिणीचे डोळे टीव्हीवरून सरकले. भिंतीवर आले. माझ्या खांद्याजवळून सावकाश मागे गेले.

मधला पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला.

मी भिंतीवरच्या बटणानं टीव्ही बंद केला. आम्ही तिघी अंगणात येऊन बसलो. आत जायचं कोणी नाव काढलं नाही. वामनराव आले, सरळ आत गेले, पाणी पिऊन बाहेर आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आत काहीच नव्हतं.

सोमवारी मी मुलांना पुन्हा विचारलं. सगळ्यांनी आदल्या रात्री तो भाग लावून पाहिला होता. खोली रिकामी आहे, म्हणाले. अमरावतीच्या मुलींनीही तेच सांगितलं. मुख्याध्यापकांना मी काय कारण देणार होते? माझं आधीचं मत कायम ठेवलं. चौदाच्या पुढे, घरच्यांसोबत.

दिवाळीनंतर रागिणीची चौकशी करायला मी पुन्हा बार्शीटाकळीला गेले. मुलगी छान होती, खळखळून हसत होती. सुभद्राताईंची तब्येतही भरली होती. "बसा न मॅडम, घाई काहून करता?" म्हणून त्यांनी मला जेवायला घातलं. निघताना मायलेकी मला स्टँडवर सोडायला आल्या. वामनराव सकाळीच तेल्हाऱ्याला गेलेले.

कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं. "सुभद्राताई, दार उघडंच राहिलं. कुलूप?"

त्या थांबल्याही नाहीत.

"कुलूप कायले लावाव, मॅडम? घरी बाई हाये ना."