महानंदा कोण?

ही ऐकीव गोष्ट नाही. लातूरच्या ज्या दवाखान्यात हे घडलं, तिथे माझा मावसभाऊ भीमाशंकर आरोग्यमित्र होता. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचे अर्ज तोच बघायचा. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस! आता त्या वॉर्डात एकटा पाऊल टाकत नाही.

२०१७ चा जून. भर दुपार.

वॉर्डातल्या बावीस वर्षांच्या महानंदाच्या हृदयाची झडप बदलायची होती. उशीर झाला तर पोरगी हातची जाणार, असं डॉक्टर म्हणत होते. पण योजनेने अर्ज फेटाळला. कारण काय, तर रेशनकार्डावर महानंदा मयत!

तिची आई गौरम्मा रडकुंडीला आली.

"किल्लारीच्या भूकंपात थोरली गेली, साहेब. सहा वर्षांची व्हती. कार्डावरचं नाव कापलं. दुसऱ्या साली ही झाली. तीच परत आली म्हणून तेच नाव ठेवलं. कार्डावर लिवायचं ऱ्हाऊनच गेलं."

भीमाशंकरने योजनेच्या तक्रार समितीकडे दाद मागितली. महानंदाला उठवत नव्हतं, म्हणून सुनावणी व्हिडिओ कॉलवर. त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला. शेजारच्या ट्यूशनमधून पोरांचा गलका येत होता.

अचानक गलका थांबला...

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही.

"ती लहान मुलगी कोण? तिला बाजूला करा," पलीकडून समितीच्या मॅडम म्हणाल्या.

खाटेजवळ कुणीच नव्हतं.

"काय गं, नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

उत्तर आलं... खाटेखालून.

"महानंदा. मेले ती मी. ही जित्ती हाय."

गौरम्माने तोंडात पदर कोंबला.

"बरी होस्तोर वापरू दे माझं नाव. मग मला परत पाहिजे. देता का?"

भीमाशंकरच्या तोंडातून निघालंच, "हाव."

संध्याकाळी मंजुरी आली. निकालात लिहिलं होतं, 'बहिणीने ओळख पटवली.'

ऑपरेशन झालं. पोरगी खडखडीत बरी झाली. घरी निघताना तिची औषधांची पिशवी खाटेवरच राहिली. भीमाशंकरने मागून हाक मारली, "महानंदा!"

ती वळली नाही. आईने दंड धरून थांबवलं, तर म्हणाली, "कुणाला बोलवायलेत ते?"

त्याने पुन्हा हाक दिली.

आणि त्याच्या पाठीमागून, रिकाम्या खाटेखालून...

"ओ."

गौरम्मा आता पोरीला नुसतं 'बाई' म्हणते. नाव घेतलं तर कोण येईल, याची तिला भीती वाटते.

मीसुद्धा हे लिहिलंय खरं, पण एकदाही मोठ्याने वाचलेलं नाही.