सव्वीस फेऱ्या आणि तीस सेकंद

काइसाने रेन्झोला पहिल्यांदा धरलं ते खिशाला.

झालं असं, की कॅनडातल्या थंडर बे शहरात, हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवत कर्लिंग खेळतात त्या क्लबातला बर्फ मे महिन्यात काढला होता आणि उघड्या सिमेंटवर काइसा चाकांचे बूट घालून सुसाट निघाली होती. थांबायचं होतं, पण थांबता येईना! समोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक अनोळखी तरुण उभा होता. तिने हात पुढे केले... हाताला त्याच्या छातीवरचा खिसा लागला. खिसा टर्रकन फाटला आणि दोघंही धपकन खाली बसली.

"पंचाचा खिसा मारतेस?" तो म्हणाला. "आत नुसती शिट्टी आहे."

"मला थांबता येत नाही."

"ते कळलं." तो हसला. "मी रेन्झो. कालच विनिपेगहून बदलून आलोय. तू?"

"काइसा. मी... त्या खुर्चीवर असते."

तिने कोपऱ्यातल्या बाकाशेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. रोलर डर्बीत, म्हणजे चाकांचे बूट घालून गोल मैदानावर खेळायच्या धक्काबुक्कीच्या खेळात, जी खेळाडू चूक करेल, तिला त्या बाकावर तीस सेकंद बसायची शिक्षा. काइसा बाजूला खुर्ची टाकून घड्याळ धरायची. वीस सेकंद झाली की "उभी राहा" आणि तीस झाली की "जा!" दोन वर्षांत तिचं एक सेकंद चुकलं नव्हतं. खेळाडूंची मैदानावरची नावं हातोडाबाई, वादळवेणी अशी झोकदार. तिला मात्र सगळ्यांनी नाव दिलं होतं 'तीस सेकंद'.

पण समोरून चाकं गरगरत जायची आणि काइसाचे पाय खुर्चीखाली चुळबुळत राहायचे. यंदा तिला खुर्ची सोडायची होती. चाकांवरची पंच व्हायचं होतं.

मुख्य पंच बर्निसबाईंनी तीस वर्षं पोस्टात काढली होती. त्यांचा नियम साधा होता. "पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या. जूनच्या शेवटच्या रविवारी परीक्षा. जमलं तर शिट्टी तुझी. नाही जमलं, तर पोरी, खुर्ची आहेच."

काइसाच्या फेऱ्या व्हायच्या एकवीस.

शिकाऊ पंचाने जुन्या पंचाची सावली व्हायचं, असा तिथला रिवाज. टोपीवर तारा लावलेली खेळाडू विरुद्ध बाजूच्या जितक्या जणींना ओलांडेल, तितके गुण. पंच आतल्या बाजूने तिच्या बरोबरीने धावतो आणि बोटं वर करून गुण दाखवतो. सावलीने मागून तेच करायचं, फक्त तिची बोटं मोजायची नाहीत. बर्निसबाईंनी काइसाला रेन्झोची सावली केलं.

"गुडघे वाकव. अजून. खुर्चीत बसल्यासारखी... सवय आहे तुला."

"टोमणा मारतोस?"

"शिकवतोय."

"आधी तो खिसा शिव."

"नाही शिवणार. आठवण आहे."

काइसाने एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती.

तीन आठवड्यांत ती त्याच्या पाठोपाठ राहू लागली. घरी जाताना बसमध्ये ती स्वतःशीच हसायची. आला, वेग आला!

मग एका रविवारी सरावाचा सामना रंगला. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. हातोडाबाई मुसंडी मारून गर्दीतून सुटली आणि रेन्झोने तीन बोटं वर केली.

"चार!" हातोडाबाई कडाडली. "चौथी तुझा बाप मोजणार का?"

खेळ थांबला. बर्निसबाईंनी सगळ्या पंचांना मधोमध बोलावलं. रेन्झो हळूच म्हणाला, "चौथी मला दिसली नाही. मी मागे पडलो होतो."

"तू? मागे?" बाईंच्या भुवया वर गेल्या.

रेन्झोने एकच क्षण मागे पाहिलं, काइसाकडे. तेवढ्यात तिला सगळं उमगलं. तिला वेग आलाच नव्हता... तो हळू झाला होता.

सामना संपल्यावर तो वळचणीखाली काइसापाशी आला. हातात गुलाबी लेपाचे दोन गोड पाव होते. तिने घेतला नाही.

"मला वाटलं, मी धावायला लागले."

"तू पडू नयेस म्हणून—"

"पडू दे की! गुडघ्यांना गाद्या कशाला बांधल्यात? त्या बाईचा गुण गेला रेन्झो. आणि माझे तीन आठवडे गेले."

पावसाची एक धार दोघांच्या मधे पडत होती. तो पलीकडूनच म्हणाला, "चुकलो. आता नाही हळू होणार."

आणि खरंच नाही झाला. पुढच्या सरावात काइसाला फक्त त्याची पाठ दिसली, तीही लांबून. ती सात वेळा पडली. एकदा उठताना तिने पाहिलं, त्याचा हात तिच्याकडे अर्धा पुढे आला होता... आणि मुकाट मागे गेला.

परीक्षेच्या दिवशी घड्याळ बर्निसबाईंकडे होतं, फेऱ्या मोजायला रेन्झो. ती रेषेवरून गेली की तो मोठ्याने आकडा म्हणायचा. वीस. एकवीस. मांड्या पेटल्या होत्या. चोवीस. पंचवीस. सगळी खेळाडू मंडळी कठड्यावर हात आपटत होती. सव्वीस... समोर रेषा दिसत होती, आणि शिट्टी वाजली.

"झाल्या सत्तावीस!" हातोडाबाईने आरोळी ठोकली.

"किती रे?" बर्निसबाईंनी विचारलं.

रेन्झोने काइसाकडे पाहिलं. ओठांशी आलेला आकडा त्याने गिळला की काय, कोण जाणे.

"सव्वीस," तो म्हणाला. "दोन हात कमी पडले."

कठड्यावर आपटणारे हात थांबले.

"मग जुलैमध्ये पुन्हा ये," बर्निसबाई म्हणाल्या आणि तिच्या घामेजल्या पाठीवर थाप मारून गेल्या.

हळूहळू क्लब रिकामा झाला. काइसा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. डोळे चुरचुरत होते. चाकांचा आवाज आला आणि तिच्यासमोर थांबला.

"रागावलीस?"

तिने नाक पुसलं आणि पंचाच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काळा-पांढरा, खिसा फाटका! चूक, तीन आठवडे खोटा वेग. बस बाकावर."

तो बसला. तिने घड्याळ चालू केलं.

"बोललं तर चालतं?"

"बाकावर सगळ्याच बोलतात. बहुतेक जणी मला शिव्या देतात."

"सत्तावीस म्हणावंसं फार वाटत होतं गं. पण आज खोटं बोललो असतो... आणि उद्या म्हटलं असतं की तू मला आवडतेस, तर तू विश्वास ठेवला असतास?"

काइसाने घड्याळावरची नजर काढली नाही. कान मात्र तापले. "उद्या म्हणणार आहेस?"

"आत्ताच म्हटलं ना."

वीस सेकंद झाली. "उभा राहा" म्हणायची वेळ आली... आणि गेली. "जा!" म्हणायचं तिसावं सेकंदही गेलं. सकाळच्या पावसाचं छपरावर उरलेलं पाणी दाराशी टपटपत होतं. फाटका खिसा त्याच्या श्वासाबरोबर हलत होता. तिने हात पुढे केला आणि त्याची लोंबती कड बोटाने नीट बसवली.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"बेचाळीस." ती खरं तेच बोलली.

"मग उठू?"

"नको," काइसा म्हणाली.