मावशींच्या नावाची स्लाइड

लेक नुकतीच झोपलीय. ती उठायच्या आत हे लिहून टाकायचंय.

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

मंगळवार होता. भर दुपार.

मी गावात हिवतापाचं काम करते. ताप आलेल्याच्या घरी जायचं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचायची. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर घ्यायचा, नाव लिहायचं, तपासणीला पाठवायचं.

त्या दिवशी एकच घर राहिलं होतं. ओढ्यापलीकडच्या मावशींचं. एकट्याच राहायच्या. दोन दिवस अंगात ताप होता. दुपारी दोनला येते, असा निरोप मीच धाडला होता.

सुई टोचली की दर वेळी म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा डास परवडले गं. ते निदान नाव लिहून घेत नाहीत."

पण लेक सकाळपासून प्यायली नव्हती. दूध दाटून माझा पदर ओला झाला होता. पलीकडे जाऊन यायचं म्हणजे तास मोडणार. स्लाइडचा डबा न्यायला माणूस तीनला येणार.

मी शाळेच्या ओट्यावर बसले.

स्वतःच्याच बोटाला सुई टोचली.

स्लाइडवर मावशींचं नाव लिहिलं... आणि घरी पळाले.

उद्या जाऊन खरी घेऊ, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी लेकीला जुलाब लागले. तिसऱ्या दिवसापासून ओढ्याला पाणी चढलं.

पाचव्या दिवशी मावशी गेल्या.

त्यांची शेजारीण डोळ्याला पदर लावून सांगत होती. मंगळवारी बोट धुऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. हात असा पुढे धरून. दिवेलागण झाली तरी उठेनात. आत चला म्हटलं तर म्हणाल्या, "पोर लेकुरवाळी आहे. उशीर व्हायचाच."

मावशी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या दादांचा फोन आला.

"ही बाई कुठे आहे? आधी औषध सुरू कर. एवढे जंतू मी कधी बघितले नाहीत."



ते रक्त माझं होतं.

मी माझी तपासणी करून घेतली. एकदा नाही, तीनदा. माझ्या खऱ्या नावाने.

तिन्ही वेळा... स्वच्छ.

"ठणठणीत आहेस, जा घरी," दादा म्हणाले. वर समजूत घातली, की तू स्लाइड वेळेत घेतलीस, तुझा काय दोष?

मी मान डोलावली. तीच माझी दुसरी चूक.

एका दुपारी मावशींच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. बंद दारापुढे का होईना, खरं बोलायचं होतं.

आसपास चिटपाखरू नव्हतं. ओढ्याचा आवाजही थांबल्यासारखा.

पायरीवर कापसाचा बोळा पडला होता.

ओला.

मधोमध... लाल ठिपका.

 तशीच माघारी फिरले.

तेव्हापासून लेक रोज दोनच्या ठोक्याला जागी होते. रडत नाही. दाराकडे बघते आणि डावा हात पुढे करते. मूठ मिटलेली. करंगळीशेजारचं एकच बोट... ताठ.

ती वर्षाचीही नाही. मोठ्या माणसालाही ते बोट असं एकटं धरता येत नाही. करून बघा.

काल त्या बोटावर लाल ठिपका होता.

सासूबाई म्हणाल्या, डास चावला असेल. मी मच्छरदाणी उन्हात धरून इंच न् इंच पाहिली. कुठेही भोक नाही.

लेकीला घेऊन मी दादांकडे जाणार आहे. तिची स्लाइड घ्यायला सांगणार आहे. त्याआधी सगळं कबूल करणार आहे... सकाळपासून तीन वेळा दारापर्यंत जाऊन परतले.

दोन वाजत आलेत.

पाळण्यात अजून हालचाल नाही.

फक्त हात तेवढा बाहेर आलाय.