चित्रातला पांढरा पट्टा

"मिहिर, कोपरा धर, कोपरा! बोटं खाली घालू नकोस!"

"मग उचलू कशाने? दातांनी?"

"दोघंही गप्प बसा आणि चला! माझे हात भरून आलेत!" शार्दूल ओरडला.

पुनावळ्याच्या वाचनालयात सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे पूर्वी, तिचा धाकटा भाऊ मिहिर आणि शेजारच्या इमारतीतला शार्दूल असे तिघे मदतीला आले होते. वाचनालयाला नवा रंग लागला होता, नवी कपाटं आली होती आणि संध्याकाळी पाच वाजता मोठा कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमात एका चित्रावरचा पडदा उघडायचा होता.

चित्र कै. ज्योतीराम यांचं. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात रंगखात्यात कामाला होते. गाड्यांचे पत्रे रंगवता रंगवता त्यांना चित्रांचा नाद लागला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या शेतातलं खळं रंगवलं आणि ते चित्र वाचनालयाला भेट दिलं. आज त्या शेतावर बावीस मजली इमारत उभी होती. ज्योतीराम गेल्याला आठ वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई आज संध्याकाळी पडदा उघडणार होत्या.

आता तळवड्याच्या एका स्टुडिओतून टेम्पोने दोन चित्रं आली होती. एक अस्सल, जुनी चौकट किडली म्हणून नवी चौकट घालून आणलेलं. दुसरी त्याची हाताने रंगवलेली नक्कल. चाकणच्या एका कंपनीचे मोठे साहेब लहानपणी पुनावळ्यात राहत होते. त्यांना कंपनीच्या तमिळनाडूतल्या नव्या कारखान्यात हे चित्र हवं होतं. म्हणून नक्कल करून घेतली होती आणि संध्याकाळच्या ट्रकने ती चाकणहून पुढे जाणार होती.

पण दोन्ही चित्रांवरून प्लॅस्टिक काढलं आणि वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब डोकं खाजवू लागले. चौकटी सारख्या! मागे ठोकलेलं प्लायवूड सारखं! आणि नावाच्या चिठ्ठ्या वाटेतच गळून पडलेल्या!

"काका, तुम्ही तर वीस वर्षं या चित्राखाली बसून पेपर वाचता," शार्दूल म्हणाला. "तुम्ही पटकन ओळखाल!"

दादासाहेब जरा खाकरले. चित्र इतकी वर्षं कपाटाच्याही वर, धुळकट काचेमागे टांगलेलं होतं. त्याखाली बसणाऱ्याने मान वर केली होती कधी?

"त्यात ओळखायचं काय!" ते म्हणाले. "हे बघा कसं लखलखतंय! याला म्हणतात कला. आणि हे दुसरं बघा, काळपट, मरगळलेलं. ही नक्कल. पिंटू, हे टाक टेम्पोत."

"काका, स्टुडिओत फोन करून विचारूया का?" पूर्वीने सुचवलं.

"तुम्ही पडदा बांधा, पूर्वी मॅडम! निर्णय घ्यायला आम्ही मोठी माणसं आहोत." असं म्हणून दादासाहेब कपडे बदलायला घरी गेले.

टेम्पोवाल्या पिंटूने काळपट चित्र पुन्हा गुंडाळलं. "टायरात हवा भरतो, हायवेच्या कडेला दोन वडापाव खातो आणि निघतो चाकणला," असं म्हणत तो गेलासुद्धा.

शार्दूलने शिडीवर चढून लखलखतं चित्र जुन्याच खिळ्याला टांगलं. पूर्वी खाली उभी राहून बघत राहिली. तिला चित्रकलेचं वेड होतं. खळ्यावर बैल फिरवून मळणी चालली होती. कडेला ज्वारीची रास, मागे बांध, त्यामागे टेकाड. सगळं सुरेख. फक्त वर, उजव्या कोपऱ्यात, टेकाडावरून आभाळात गेलेला एक तिरपा पांढरा पट्टा होता.

"हे काय आहे रे?" तिने विचारलं.

"वीज!" शार्दूल म्हणाला.

"ढग एकही नाही. सावल्या बघ, किती काळ्या आहेत. भर उन्हात वीज?"

"मग विमानाचा धूर."

"टेकाडाच्या खालपर्यंत? विमान पडलं की काय?"

"अगं, चित्रकाराचा रंग सांडला असेल!"

"छे! पट्टा कसा सरळ आहे, दोन्ही टोकं गोल. सांडलेलं असं दिसतं का?"

मिहिर या वादात नव्हता. तो दमून फरशीवर उताणा पडला होता आणि छताकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "ताई, ती समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट आहे ना, तिचीपण टोकं गोल आहेत."

पूर्वी गर्रकन वळली. समोरच्या भिंतीवर, बरोबर चित्राच्या समोर, लांबट पांढरी ट्यूब होती!

"शार्दूल! आधी या चित्रावर काच होती ना?"

"होती की. मीच पुसली होती एकदा. पुसली म्हणजे जरा फुंकर मारली होती."

"चित्र काढ खाली. आणि त्या भिंतीवरचं काचेचं प्रशस्तिपत्रक त्याच खिळ्याला लाव!"

"कशाला?"

"लाव ना! मिहिर, ट्यूब लाव!"

शार्दूल कुरकुरत पुन्हा शिडीवर चढला. मिहिरने बटण दाबलं. पूर्वी खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. फोटो काढायचा तर माणूस इथेच उभा राहील. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. प्रशस्तिपत्रकाच्या काचेत, वर, उजव्या कोपऱ्यात, पांढरा पट्टा चमकत होता!

"बघा, बघा! तोच पट्टा!"

दोघेही धावले. शार्दूलने डोळे विस्फारले. "म्हणजे चित्रात ट्यूबलाइट काढलीय?"

"ज्योतीरामआजोबा खळ्यावर बसून चित्र काढत होते. तिथे ट्यूब कुठून येणार? पण कुणी काचेतल्या चित्राचा फोटो काढला असेल, आणि कुणी त्या फोटोवरून हुबेहूब चित्र केलं असेल..."

"तर त्याने ट्यूबपण हुबेहूब काढली!" मिहिर टाळी वाजवत म्हणाला. "म्हणजे ही नक्कल!"

"आणि अस्सल?" शार्दूलने विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चाकणला!"

पूर्वीने दादासाहेबांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. घड्याळात साडेबारा वाजले होते. संध्याकाळी सावित्रीबाई येतील आणि नवऱ्याच्या चित्राऐवजी कुणा परक्याच्या चित्राचा पडदा उघडतील. तोवर खरं चित्र ट्रकमध्ये बसून तमिळनाडूच्या वाटेवर असेल!

"वडापाव!" शार्दूल किंचाळला.

"तुला आत्ता भूक लागली?"

"अगं, पिंटूदादा! हवा भरून वडापाव खाणार म्हणाला होता! पळा!"

तिघे धूम पळाले. ऊन मी म्हणत होतं. अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या कडेने, सिमेंटच्या गाडीला वळसा घालून, हायवेच्या पुलाखालून ते सर्व्हिस रोडवर आले. हवेच्या दुकानासमोर टेम्पो नव्हता!

"गेला!" मिहिर रडवेला झाला.

"तो बघ!" पूर्वीने बोट दाखवलं. पन्नास पावलांवर, वडापावच्या गाडीपाशी टेम्पो सुरू होत होता. शार्दूल जिवाच्या आकांताने धावला आणि दोन्ही हात पसरून टेम्पोपुढे पण जरा कडेलाच उभा राहिला.

"ए भावा! मरायचंय का?" पिंटू ओरडला.

धापा टाकत टाकत पूर्वीने सगळं सांगितलं. पिंटूने मान हलवली. "दादासाहेबांनी सांगितलं ते न्यायचं. तुम्ही पोरं म्हणता म्हणून मी परत फिरू होय? साहेब माझं काम बंद करतील."

त्याचं चुकीचं नव्हतं. पूर्वीने क्षणभर विचार केला. "पिंटूदादा, चित्राचा फक्त वरचा उजवा कोपरा बघू द्या. तिथे पांढरा पट्टा असला तर आम्ही माफी मागू आणि तुम्ही खुशाल जा. नसला तर मात्र परत चला."

"एवढंच?"

"एवढंच."

पिंटूने मागचं दार उघडलं, चिकटपट्टी सोडवली आणि प्लॅस्टिक बाजूला केलं. चौघांनी डोकी आत घातली. पट्टा नव्हता! आणि जिथे पट्टा असायला हवा होता तिथे, टेकाडावरच्या पायवाटेवर, अंगठ्याच्या नखाएवढी एक बाई चालली होती. अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी.

"आयला!" पिंटू पुटपुटला. "ही बाई त्या चित्रात न्हाई?"

"तिच्यावर ट्यूबलाइट पडलीय!" मिहिर म्हणाला.

पिंटूने हळूच, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं चित्र पुन्हा गुंडाळलं. "बसा रे मागं. चाकणच्या साहेबांना मी फोन करून सांगतो, उशीर होईल म्हणून."

वाचनालयाच्या दारात दादासाहेब कडक इस्त्रीच्या कुडत्यात उभे होते. टेम्पो बघून त्यांचा आवाज चढला. "हे परत कसं आलं? कुणाच्या परवानगीने?"

पूर्वीने पट्ट्याची हकिकत सांगितली. दादासाहेबांनी ऐकून घेतलं, पण मानतील तर ना! "नक्कल करणाऱ्याने एखादी बाई आपल्या मनाने वाढवली असेल! हौशी असतात लोक!"

असं होऊ शकतं की! मग पूर्वीने विचारलं, "काका, स्टुडिओला फोटो कुणी पाठवला?"

"मीच. माझ्याच फोनवरून."

"तो बघू?"

दादासाहेबांनी फोनमध्ये बराच वेळ शोधलं. फोटो सापडला आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. फोटोत, उजव्या कोपऱ्यात, ट्यूबलाइट लख्ख चमकत होती. खाली उतरवलेल्या चित्रातला पट्टा अगदी तेवढाच तिरपा होता.

तेवढ्यात पिंटूने टेम्पोतलं चित्र आत आणून सोडवलं, आणि शार्दूलने फोनचा दिवा दोन्ही चित्रांच्या कडेला आडवा धरला. काळपट चित्रावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठून दिसल्या. लखलखत्या चित्रावरही दोन भेगा होत्या, पण त्यांची सावली पडेना. मिहिरने नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. "या तर ब्रशने काढलेल्या आहेत!"

"अगदी बरोबर ओळखलंस!" दारातून आवाज आला. कार्यक्रमासाठी लवकर आलेल्या, तळवड्याच्या स्टुडिओतल्या चित्राताई हेल्मेट काढत आत येत होत्या. "ती नक्कल मीच केलीय. मूळ चित्र चौकटीसाठी आलं, तोवर माझं काम बांधून ठेवलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवी होती, ती मी बघितली नाहीत. मला वाटलं, टेकाडावर धुकं उतरलंय. आणि मी तेही इमानाने काढलं!"

"ताई, तुम्ही इमान राखलंत," पूर्वी म्हणाली, "पण चित्राशी नाही, फोटोशी."

चित्राताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हे वाक्य मी स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे."

दादासाहेबांनी कुडत्याच्या बाहीने घाम पुसला. "चूक माझी. चिठ्ठ्या सांभाळल्या नाहीत, फोन केला नाही, आणि पोरांचं ऐकलंही नाही."

पाच वाजता हॉल गच्च भरला. सावित्रीबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी पडदा ओढला. टाळ्या वाजल्या, पण त्यांचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. चित्र आता डोळ्यांच्या उंचीवर लावलं होतं. त्या थेट उजव्या कोपऱ्यापाशी गेल्या.

"हितं हाय व्हय मी! काचेमागं कदी दिसलेच न्हाई."

"आजी, तुम्ही भाकरी घेऊन चालला आहात ना?" मिहिरने विचारलं.

"भाकरी?" आजी हसल्या. "पोरा, नीट बघ की पाटीत."

चित्राताईंनी पर्समधून भिंग काढून दिलं. पाटीत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते. एक लाल, एक निळा, एक पिवळा.

"रंगाचे डबे! ह्ये शिफ्ट सुटली की सायकलनं तसंच शेताकडं यायचे. डबे घरनं मी आणायचे डोक्यावर. लोकं म्हनायची, नवऱ्यासंगं बायकुबी येडी झाली. म्हनून त्येंनी मला हितं बसवली. म्हनाले, चित्राला तुजा हात लागलाय, तर चित्रात तू पायजेस." सावित्रीबाईंनी पदराने डोळे टिपले. "आन तुमी पोरं नसता, तर मी आज परमुलखाला गेले असते!"

सगळा हॉल हसला आणि पुन्हा टाळ्या पडल्या. दादासाहेबांनी तिघांना व्यासपीठावर बोलावलं. "डोळे सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले, "पण या मुलांनी आज ते वापरले."

चाकणच्या साहेबांनी आनंदाने एक आठवडा थांबायचं कबूल केलं. चित्राताई रोज सकाळी वाचनालयात येऊन, मूळ चित्र समोर ठेवून नक्कल दुरुस्त करू लागल्या. तपासनीस अर्थातच तिघे! पट्टा गेला, टेकाड आलं, बाई आली, पाटीतले तीन ठिपके आले. मिहिरने बैलाची राहिलेली वेसण शोधली. पूर्वीने रंग जुळवून बघितले. शार्दूलने ज्वारीच्या राशीजवळ एक चिमणी कमी असल्याचं शोधलं आणि दिवसभर सगळ्यांना ऐकवलं.

शेवटच्या दिवशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मांडली. मुलांनी सावित्रीबाईंना हात धरून आणलं. आजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. खूप वेळ पाहिलं. मग नकलेवर बोट ठेवून त्या चित्राताईंना म्हणाल्या, "झाक केलीस गं पोरी. काय म्हनून राह्यलं न्हाई."

मग त्या दुसऱ्या चित्राकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"पर ह्ये त्येंचं हाय."